विषुववृत्ताजवळचा गारठा : इथिओपियाच्या पठारावर गुलाब पिकवायला जाणाऱ्यासाठी

तळेगाव परिसरात पॉलिहाउसमधल्या गुलाबावर काही वर्षं काम केलेल्या एका कृषी पदवीधराला इथिओपियात, हॉलेटा गावाजवळच्या एका फार्मवर ग्रोअर म्हणून बोलावणं आलं आहे. उंची सुमारे २४०० मीटर, अक्षांश ९ उत्तर. त्याने विचारलंय : आपल्याहून विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असताना तिथे थंडी कशी काय? ती महाबळेश्वरसारखी समजायची की हिमाचलसारखी? आणि इथला अनुभव तिथे कितपत उपयोगी पडेल?

अनुभव उपयोगी पडेल. पण त्याआधी एक समजूत सोडावी लागेल. आपण थंडी वर्षाच्या एका भागात शोधतो : दिवाळी झाली की ती येते, होळीला जाते. उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांवर थंडी अशी येत-जात नाही. ती रोज रात्री येते आणि रोज सकाळी दहाच्या सुमारास निघून जाते. मी निलगिरीत, केनियात आणि इथिओपियात फुलांवर आणि भाजीपाल्यावर काम केलं आहे. या तिन्ही ठिकाणी नव्या माणसाचे निर्णय ज्या कारणाने चुकताना पाहिले, ते बहुतेक वेळा हेच असतं. तो महिन्याची सरासरी पाहतो आणि रात्रीकडे दुर्लक्ष करतो.

याचं कारण सोपं आहे. हिमाचलात किंवा युरोपात हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, दिवस लहान होतो, जमीन महिनोन्‌महिने निवत जाते. ९ अक्षांशावर सूर्य वर्षभर माथ्याजवळच राहतो. हॉलेटाला वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम तासाभराचा फरक आहे. पुण्यात तो दोन तासांहून जास्त असतो. मग तापमान कमी होतं ते फक्त उंचीमुळे. हवा वर चढली की पसरते आणि थंड होते. दर १००० मीटरला सरासरी ६ ते ६.५ अंश, हा हिशेब पाठ करून ठेवा. उंचीमुळे अख्खा तापमापक खाली सरकतो, पण वर्षभर सारखाच सरकलेला राहतो.

इक्वेडोरची राजधानी कीटो जवळजवळ विषुववृत्तावर, सुमारे २८५० मीटरवर आहे. तिथे वर्षाची सरासरी १४-१५ अंश, आणि सर्वांत उबदार महिना व सर्वांत थंड महिना यांच्यात एका अंशाच्या आसपासच फरक. पण त्याच शहरात एका दिवसात, पहाट ते दुपार, तापमान दहा अंशांहून जास्त चढतं. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोव्ह हेडबर्ग यांनी पूर्व आफ्रिकेच्या शिखरांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करून १९६४ मध्ये मांडलं की तिथे रोज दिवसा उन्हाळा असतो आणि रोज रात्री हिवाळा. माउंट केनियावरचे महाकाय लोबेलिया आणि सेनेशिओ रोज संध्याकाळी पानं मिटून मधला कोंब झाकून घेतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. हिमालयातलं झाड वर्षातून एकदा थंडीची तयारी करतं, हे झाड रोज करतं. तुमच्या गुलाबाला ती सोय नाही, ती तुम्हाला करून द्यायची आहे.

म्हणून हवामानाच्या पुस्तकी वर्गवारीवर फार विसंबू नका. कोपेनच्या प्रसिद्ध वर्गीकरणात कोलंबियातलं बोगोटा आणि लंडन एकाच अक्षरगटात पडतात, कारण दोन्हीकडे कुठलाही महिना फार तापत नाही आणि पाऊस वर्षभर असतो. लंडनच्या जानेवारी आणि जुलैच्या सरासरीत बारा-तेरा अंशांचं अंतर आहे, बोगोटात ते एक-दीड अंशही होत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत. ज्या पिकाला वाढायला एक ऋतू आणि विसावायला दुसरा ऋतू लागतो, ते लंडनला सुखाने जगेल आणि बोगोटात गोंधळून जाईल.

आता हॉलेटाचा हिशेब करून पाहू. समुद्रसपाटीला या भागात वर्षाची सरासरी २७-२८ अंश धरली, तर २४०० मीटरवर ती साडेबारा-तेरापर्यंत यायला हवी. प्रत्यक्षात हॉलेटाला ती सुमारे १४ आहे आणि थोड्याच कमी उंचीवरच्या अदिस अबाबाला १६ च्या आसपास. हा फरक पठारामुळे पडतो. एकटं उभं शिखर चारही बाजूंनी मोकळ्या हवेने वेढलेलं असतं, म्हणून ते हवेइतकंच थंड राहतं. विस्तीर्ण पठाराची जमीन मात्र दिवसभर ऊन पिते आणि वरची हवा तापवते. म्हणूनच मोठ्या डोंगररांगांच्या पोटात झाडं, पिकं आणि वस्ती जास्त उंचीपर्यंत चढलेली दिसतात. उटीची उंची अदिसपेक्षा थोडी कमीच, सुमारे २२४० मीटर, तरी उटी अदिसपेक्षा गार आहे. निलगिरीचं पठार इथिओपियाच्या पठारापुढे अगदी लहान आहे, हे त्याचं एक कारण. उंचीचा आकडा ऐकून तापमान ठरवू नका, एवढाच याचा अर्थ.

इथिओपियातल्या शेतकऱ्यांनी उंचीचे पट्टे फार पूर्वीपासून नावं देऊन ओळखले आहेत, आणि तुमचे कामगार याच शब्दांत बोलतील. साधारण ५०० ते १५०० मीटरचा पट्टा कोला : उष्ण, ज्वारी आणि तिळाचा. १५०० ते २३०० चा वोइना देगा : टेफ (तिथलं बारीक दाण्याचं धान्य), मका, कॉफी. २३०० ते ३२०० चा देगा : बार्ली, गहू, वालासारखं फाबा कडधान्य, बटाटा. त्याच्याही वर वुर्च, जिथे बार्ली आणि चराई एवढंच उरतं. सीमा अर्थात ताठ नसतात. उताराचं तोंड कुठे आहे आणि पाऊस किती, यावर शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे होतं. हॉलेटा वोइना देगा आणि देगा यांच्या शिवेवर, किंचित देगाकडे झुकलेलं आहे. गाडीने अदिसहून झिवायच्या सरोवराकडे, म्हणजे १६५० मीटरच्या आसपास उतरलात, तर दोन-तीन तासांत पिकं, घरं आणि अंगावरचे कपडे बदललेले दिसतील. लॅटिन अमेरिकेतही हेच पट्टे तिएर्रा कालिएंते, तेंप्लादा, फ्रिया अशा नावांनी चालतात.

या पट्ट्यांत आपल्या ओळखीचं बरंच काही सापडतं. आपण ज्याची चटणी खातो ते कारळं मूळचं याच पठारावरचं. तिथे त्याला नूग म्हणतात आणि ते तिथलं महत्त्वाचं तेलबी पीक आहे. पावसाळा ओसरल्यावर काळ्या भारी जमिनीत, साठलेल्या ओलीवर हरभरा पेरलेला दिसेल, अगदी आपल्या रब्बीसारखा. आणि सखल भागात बागायती कांद्याचा एक लोकप्रिय वाण 'बॉम्बे रेड' या नावानेच ओळखला जातो. ते साहजिक आहे. कांदा गड्डा धरतो तो दिवसाच्या लांबीवर, आणि युरोपातले लांब दिवसाचे वाण बारा तासांच्या दिवसात नुसती पात वाढवत बसतात. आपल्याकडचे वाण लहान दिवसाचे, म्हणून तिथे जमले.

हॉलेटाच्या वर्षाकडे येऊ. जून ते सप्टेंबर किरेम्त, म्हणजे मुख्य पावसाळा. ऑक्टोबर ते जानेवारी बेगा, कोरडा काळ. फेब्रुवारी ते मे बेल्ग, अधूनमधून सरी. वर्षाचा पाऊस हजार-अकराशे मिलिमीटर. यात सर्वांत थंड काळ कोणता, असं विचारलंत तर मी उलट विचारेन : दिवसाचा की रात्रीचा? दिवस सर्वांत गार असतात जुलै-ऑगस्टमध्ये, कारण आकाश ढगांनी झाकलेलं असतं आणि दुपारीही पारा वीस अंशांच्या आसपास अडकतो. पण त्याच ढगांमुळे रात्री फार खाली जात नाहीत. रात्री सर्वांत गार असतात नोव्हेंबर ते जानेवारीत. तेव्हा दुपारी २३-२४ अंशांचं लख्ख ऊन आणि पहाटे ३-४ अंश, कधी शून्याखालीही. महाबळेश्वरला ज्यांनी वर्ष काढलं आहे त्यांना हे चटकन कळेल. तिथेही ऑगस्टची दुपार जानेवारीच्या दुपारपेक्षा गार असते. या एका बाबतीत हॉलेटा महाबळेश्वरच्या जवळ आहे आणि हिमाचलापासून फार दूर. फक्त महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तेव्हा सगळे आकडे काही अंशांनी खाली न्यायचे, आणि एप्रिल-मेचा तडाखा जवळजवळ पुसून टाकायचा.

पॉलिहाउसमध्ये या दोन गार काळांचे त्रास वेगळे असतात. किरेम्तमध्ये प्रकाश कमी, हवा दमट, वाढ मंद, बोट्रायटिस या राखी बुरशीचा धोका. बेगामध्ये प्रकाश भरपूर, पण रात्र मारक. दोन्हींसाठी एकच वेळापत्रक ठेवणाऱ्या फार्मवर कुठल्या ना कुठल्या हंगामात माल हमखास खराब होतो.

रात्रीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या कामाचा कस तिथे लागणार आहे. निरभ्र, वाऱ्याविना, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. २४०० मीटरवर डोक्यावरची हवा विरळ असते, सपाटीच्या तीन-चतुर्थांश दाबाची, आणि तिच्यात बाष्पही कमी. उष्णता अडवून परत पाठवायला वर फारसं काही नसतं. जमिनीलगतची हवा आधी गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल जागी जाऊन साचते. वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात बातमी असते : महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले. त्याच पहाटे गावातला तापमापक शून्याच्या बराच वर असतो. तलावाची आणि लिंगमळ्याची जागा खोलगट आहे, गार हवा तिथे तळ ठोकते. शिवाय तापमापक माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर सावलीच्या पेटीत असतो, तर दव गवताच्या पात्यावर असतं, आणि पातं त्याहून तीन-चार अंशांनी गार असू शकतं. निलगिरीतही हेच दिसतं. गोठणाऱ्या उघड्या खोलगट जागांवर गवत, आणि आडोशाच्या घळींत शोलाचं दाट जंगल. कोवळं शोलाचं रोप उघड्यावर हिवाने जळतं, म्हणून जंगल गवताळ भागात सहज पसरत नाही, असं तिथल्या अनेक अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं.

फार्मवर याचा अर्थ असा की सगळे ब्लॉक सारखे नसतात. ओढ्याकाठचा, सर्वांत खालचा ब्लॉक पहाटे वरच्या ब्लॉकपेक्षा दोन-तीन अंशांनी गार असणारच. उताराला आडवी दाट झाडांची रांग वाऱ्यापासून राखते खरी, पण तिच्या वरच्या अंगाला गार हवेचं तळं साचतं. रांगेत खालच्या टोकाला वाट मोकळी ठेवली की हवा निसटून जाते. आणखी एक गोष्ट तळेगावला लक्षात येत नाही. साध्या पॉलिथिनच्या छताखाली, न तापवलेल्या पॉलिहाउसमध्ये, अशा रात्री आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली जाऊ शकतं. साधं प्लास्टिक जमिनीची उष्णता अडवत नाही, आणि आतल्या स्थिर हवेत बाहेरची थोडी उबदार हवा मिसळतही नाही. म्हणून उष्णता रोखणारी, थर्मिक म्हणतात ती फिल्म तिथे चैनीची वस्तू नाही. फिल्म बदलायची वेळ आली की व्यवस्थापन स्वस्तातलं सुचवेल. तिथे आग्रह धरा.

पडद्यांचं वेळापत्रकही उलटंपालटं होतं. आपल्याकडे पडदे मुख्यतः उष्णता बाहेर काढण्यासाठी उघडतो. तिथे बेगामध्ये सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी बाजूचे पडदे बंद करायचे, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. पण बंद घरात रात्रभर आर्द्रता शंभर टक्क्यांना टेकते आणि पहाटे छतावरून थेंब गळतात. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, याहून चांगलं निमंत्रण नाही. सकाळी ऊन आलं की पान तापायच्या आधी हवा सरकली पाहिजे : आधी छताचे झरोके थोडेसे, मग बाजूचे पडदे टप्प्याटप्प्याने. पान ओलं राहण्याचे तास कमी करणं हेच डाऊनीवरचं खरं औषध, फवारणी त्याच्या मदतीला. याउलट दुपार कोरडी आणि रात्र ओली असा रोजचा खेळ भुरीलाही मानवतो. म्हणून गंधक तापवून त्याची वाफ सोडणारा सल्फर बर्नर तिथे जवळजवळ रोजच्या वापराची वस्तू आहे. फुलकिडे आणि लाल कोळी तुम्हाला ओळखीचे आहेत. गारठ्यात त्यांची पिढी लांबते, त्यामुळे फवारण्यांतलं इथलं अंतर तिथे डोळे झाकून लावू नका.

आता मालाबद्दल. गुलाबाची वाढ तापमानाच्या बेरजेवर चालते. साधारण पाच अंशांच्या वर जितकी ऊब दिवसागणिक साठते, तितकी काडी पुढे सरकते. तळेगावला कटबॅकपासून, म्हणजे काडी मागे छाटल्यापासून, दीड महिन्याच्या आसपास फूल मिळतं. हॉलेटाच्या उंचीवर तोच वाण सव्वादोन ते अडीच महिने घेऊ शकतो. व्हॅलेंटाइनचं गणित यावरच मोडतं किंवा जमतं. इथे डिसेंबरच्या मध्याला कटबॅक घ्यायची सवय असेल, तर तिथे ती वेळ नोव्हेंबरात येते, आणि त्यानंतरचा सगळा काळ नेमका सर्वांत गार रात्रींचा. खालच्या ब्लॉकला वरच्या ब्लॉकपेक्षा चार-सहा दिवस आधी हात घालावा लागतो. फार्मच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर ब्लॉकवार तपासा, एकत्रित सरासरी काही सांगत नाही.

एवढा वेळ का द्यायचा? कारण त्याची किंमत मिळते. कळी सावकाश भरली की पाकळ्या जास्त, डोकं मोठं, काडी जाड आणि लांब. म्हणूनच इक्वेडोरमध्ये कायाम्बेच्या परिसरात, २८०० मीटरच्या आसपास पिकलेला गुलाब त्याच्या मोठ्या डोक्यासाठी प्रसिद्ध आहे. केनियात नाइवाशाच्या सुमारे १९०० मीटरवर मध्यम डोक्याचे, भरपूर उत्पादनाचे वाण चालतात, तर माउंट केनियाच्या उतारावर तिमाऊसारख्या उंच जागी मोठ्या डोक्याचे. उंचीने हॉलेटा नाइवाशा आणि कायाम्बे यांच्या मधलं आहे. तळेगावचे आवडते वाण तिथे नेण्याचा हट्ट करू नका. उंचीप्रमाणे वाण निवडणं हा त्या देशांतल्या फुलशेतीचा पाया आहे.

फायद्याबरोबर दोन दुखणी येतात. कळी धरण्याच्या काळात रात्र फारच गार गेली की बुलहेड निघतात, म्हणजे बोथट, वेड्यावाकड्या कळ्या. आणि लाल वाणांच्या बाहेरच्या पाकळ्या काळवंडतात. दर हजार मीटरला अतिनील किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. त्यात गारठा मिळाला की लाल रंगद्रव्य इतकं साचतं की पाकळीची कड काळी दिसते. खरेदीदार त्याला रोग समजून माल नाकारतो. अतिनील किरण अडवणारी फिल्म हा त्यावरचा उपाय. अशा फिल्ममुळे काही वाणांचा रंग फिका पडतो, तेव्हा सगळे लाल वाण एका फिल्मखाली आणि बाकीचे दुसरीखाली अशी मांडणी अनेक ठिकाणी असते.

तुमच्या कामाशी थेट संबंध नसला तरी फळझाडांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या हवामानाचा स्वभाव तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि महाराष्ट्रातल्या बागायतदाराला तो कुणाहीपेक्षा लवकर कळतो. सफरचंदाला झोपायला थंडी लागते : सात अंशांखालचे काही शे तास, सलग हिवाळ्यातले. लोक हिशेब मांडतात की हॉलेटासारख्या ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीत रात्री सात अंशांखाली जातातच, तास जुळतील. जुळत नाहीत. रात्री साठलेली थंडी दुपारचं २४ अंशांचं ऊन बरीचशी पुसून टाकतं. झाड धड झोपत नाही, धड जागं होत नाही; एका फांदीवर फूल, दुसरीवर फळ, तिसरी नुसती काठी. इथिओपियाच्या दक्षिणेला चेंचाच्या उंच डोंगरात सफरचंद होतात, पण त्यासाठी उंची जास्त आणि कमी थंडीत भागवून घेणारे वाण लागतात.

इंडोनेशियात, पूर्व जावातल्या बातूच्या शेतकऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. फळ तोडून झालं की ते झाडाची सगळी पानं हातांनी ओरबाडून काढतात. झाडाला गाढ झोप लागायच्या आधीच त्याला नव्याने फुटायला भाग पाडायचं. परिणामी, विषुववृत्तापासून फक्त आठ अंशांवर वर्षात सफरचंदाची दोन पिकं. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेतो, डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतो, कारण आपल्या वेलीलाही युरोपासारखी झोप मिळत नाही. डाळिंबाला पाण्याचा ताण देऊन, इथ्रेलने पानगळ करून आपण बहार धरतो. हिवाळा नसलेल्या मुलखात झाडाचं वर्ष माणसाने ठरवायचं, ही विद्या आपल्या शेतकऱ्याकडे आहे आणि मला तिचा फार अभिमान वाटतो. गुलाबात तुम्ही कटबॅकने तेच करता. हिमाचलाच्या अनुभवापेक्षा नाशिकचा अनुभव अदिसच्या पठारावर जास्त कामाला येतो, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

रोजच्या रात्रीच्या हिवाळ्याचा सर्वांत हुशार उपयोग मात्र अँडीजमध्ये झाला. तितिकाका सरोवराभोवती, ३८०० मीटरवर, जून-जुलैच्या कोरड्या दिवसांत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते गोठतात, सकाळी उन्हात वितळतात, मग पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढतात. काही दिवस असं केलं की बटाटा हलका, कोरडा आणि वर्षानुवर्षं टिकणारा होतो. त्याला चुन्यो म्हणतात. त्याच भागात जुन्या काळी शेताचे उंच वाफे करून त्यांच्यामध्ये पाण्याचे चर ठेवत. दिवसा तापलेलं पाणी रात्री ऊब सोडतं आणि पिकाभोवतीचं तापमान एक-दोन अंशांनी सावरतं. तुमच्या फार्मवर शेततळं असेलच. त्याच्या काठचा ब्लॉक रात्री कसा वागतो, तेवढं नक्की पाहा.

शेजारच्या गव्हाच्या शेतांतून फिराल तेव्हा तांबेऱ्याकडे, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाकडे, लक्ष जाईल. ही उंच गार बेटं पिकांइतकीच रोगांनाही जपून ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात मैदानातला गहू संपतो आणि तांबेऱ्याचा बीजाणू उष्णतेने मरतो. मग पुढच्या रब्बीत तो येतो कुठून? आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी हे कोडं सोडवलं : हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या गार डोंगरांत तो वर्षभर जिवंत राहतो आणि तिथून वाऱ्यावर खाली उतरतो. निलगिरीतल्या वेलिंग्टनला आणि आपल्या महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन चालतं ते याच कारणाने. पूर्व आफ्रिकेच्या पठारांवर तर कुठे ना कुठे गहू बाराही महिने उभा असतो. १९९८ मध्ये युगांडात सापडलेला आणि यूजी-९९ म्हणून ओळखला गेलेला खोडावरच्या तांबेऱ्याचा प्रकार तिथूनच जगाला ठाऊक झाला, आणि आज केनियातल्या न्जोरोला भारतातले गव्हाचे वाणही परीक्षेला पाठवले जातात. इथिओपियात २०१३-१४ मध्ये डिगालू हा लोकप्रिय वाण खोडाच्या तांबेऱ्याच्या वेगळ्याच प्रकाराला बळी पडला होता. फुलांच्या फार्मवरून परतताना बूट आणि कपडे स्वच्छ धुऊन आणा. बीजाणू कापडावरूनही प्रवास करतात.

राहण्याबद्दल थोडक्यात. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागेल, डोकं जड होईल. ते आठवड्याभरात निवळतं. पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ पातेल्यात शिजत नाही. कुकर घेऊन जा. ऊन गार वाटतं, पण त्वचा भाजते. टोपी विसरू नका. हॉलेटाच्या उंचीवर मलेरियाची चिंता कमी आहे, पण झिवायसारख्या खालच्या भागात कामाला गेलात तर मच्छरदाणी आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. उंची हे कायमचं कवच आहे असंही मानू नका : १९५८ मध्ये इथिओपियात १६०० ते २१५० मीटरच्या पट्ट्यात, जिथे लोकांना मलेरियाची सवयच नव्हती, तिथे साथ आली आणि सुमारे दीड लाख माणसं दगावली. वर्ष किंचित उबदार आणि ओलं गेलं की पट्टे वर सरकतात. डास सरकतात, तशी कॉफीही सरकते, आणि डोंगर जितका वर तितकी जमीन कमी, हे तिथल्या कॉफीवाल्यांचं एक दुखणं आहे.

होकार कळवण्याआधी फार्मकडून चार गोष्टी लेखी मागवा. पहिली, ब्लॉकवार समुद्रसपाटीपासूनची उंची आणि सर्वांत खालच्या ब्लॉकची जागा. दुसरी, मागच्या दोन-तीन वर्षांतल्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या रोजच्या किमान तापमानाच्या नोंदी. महिन्याची सरासरी नको, रोजचा आकडा हवा. तिसरी, प्रत्येक वाणाचे कटबॅक ते तोडणीचे दिवस, किरेम्तमध्ये किती आणि बेगामध्ये किती. चौथी, छतावर कोणती फिल्म आहे आणि ती कधी टाकली. तापमानाच्या नोंदी फक्त ऑफिसजवळच्या एका ठिकाणच्याच असतील, तर किमान तापमान धरून ठेवणारे दोन तापमापक स्वतः घेऊन जा. पोहोचाल त्याच संध्याकाळी एक वरच्या ब्लॉकमध्ये आणि एक ओढ्याकाठी, कळीच्या उंचीला टांगा.